चाळणीतून गाळलेलं सूप

६ फेब्रुवारी

आत्या, नमस्कार.

पत्राला उशीर झाला. रागावली असशील तर शिंपीकाकांना सांग, रागाचं वेगळं पत्र लिहा म्हणून. मी तेही जपून ठेवीन.

खोली मिळाली आहे. खिडकी उघडली की समोर भिंत, पण भिंत स्वच्छ आहे. जनावरांच्या दवाखान्यात मी आता पांढरा कोट घालून उभी असते. कोट मापाचा नाही. बाह्या इतक्या लांब आहेत की मांजराला हात लावायचा तर आधी हात शोधावा लागतो. आमच्या मुख्य डॉक्टरना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या ओरडत नाहीत, नुसत्या बघतात. त्यापेक्षा ओरडलेलं बरं.

मुद्द्याचं लिहिते. परवा एक कुत्रं आणलं होतं. त्यानं टोपलीतले कच्चे कांदे खाल्ले होते. लोकांना वाटतं, उलटी होईल आणि सुटेल. पण कांद्यानं कुत्र्याचं रक्तच बिघडतं. लगेच नाही, काही दिवसांनी. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रं उठेनासं होतं. मला एकदम आपला हवालदार आठवला. तुझ्या खानावळीत कांद्याशिवाय काही शिजत नाही, आणि तो दिवसभर दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हुंगून झडती घेत असतो. तेव्हा आजपासून त्याला कांद्याची एकही फोड द्यायची नाही. कच्ची नाही, शिजलेलीही नाही. कोणी ताटातली टाकली तर लगेच उचलायची. हे भाची म्हणून नाही, डॉक्टर म्हणून सांगते आहे.

इथे कोणी विचारलं, घरी काय करतात, तर मी सांगते, आत्याचा व्यवसाय आहे. आणि एक गंमत. माझ्या हातांचा कांद्याचा वास शेवटी गेला. आज सकाळी नाकाशी हात धरून पाहिले. नुसता साबण.

तुझी भुंगी


१५ फेब्रुवारी

भुंगे,

पत्र पोचलं. मी भांडी घासताना बोलतेय आणि शिंपीकाका लिहितायत, तेव्हा मागेपुढे झालं तर समजून घे. मला अक्षरं येत असती तर मीच दोन पानं फाडून तुझ्याशी भांडले असते. अंगावर मूठभर मांस चढलंय का नाही, जेवतेस का, ते काहीच लिहिलं नाहीस.

तू सांगितलंस तसंच चाललंय. हवालदाराच्या वाडग्यात कांदा नाही म्हणजे नाही. त्याचं जेवण म्हणजे मोठ्या पातेल्यातलं सूप आणि त्यात कुस्करलेला पाव, ते तुला ठाऊकच आहे. आता सूप आधी चाळणीतून गाळते, मग वाडगं उजेडात धरून राहिलेली फोड न् फोड बोटानं काढते. जेवता जेवता वेल्डर हसतो. म्हणतो, "अक्का, आमच्या ताटात कधी एवढं लक्ष घातलं नाहीत. पुढच्या जन्मी तुमच्या दारातलं कुत्रं होतो." मी म्हटलं, "पुढच्या जन्मापर्यंत कशाला थांबतोस?"

हे बरोबर करतेय ना, तेवढं लिही. चुकत असेल तर सांग, तू म्हणशील तसं करू. हवालदार मात्र खूश आहे. दात गेले बिचाऱ्याचे, सूप तेवढं चावावं लागत नाही.

काका म्हणतात, बाह्यांचं माप पाठव. (हे मी माझ्या मनानं लिहितोय : खांद्यांचंही पाठव. – शिंपीकाका)

आत्या


२१ फेब्रुवारी

आत्या,

घाईत लिहिते. लसी टोचण्याचा आठवडा आहे, दारापासून रस्त्यापर्यंत कुत्री आणि त्यांचे मालक, आणि मालकच जास्त भुंकतात. तुझं पत्र डबा खाता खाता वाचलं. शाब्बास आत्या! अगदी बरोबर करते आहेस, असंच चालू ठेव. मी जेवते. माप पुढच्या पत्रात.

भुंगी


४ मार्च

भुंगे,

हवालदाराचं काहीतरी बिनसलंय. आधी वाटलं, वय झालं. दारात बसायचा तो चुलीमागे जाऊन बसला. मग वेल्डर आत आला आणि यानं मान उचलली नाही. वेल्डरला न हुंगता आत सोडायचा नाही कधी. चार पावलं टाकली की धापा टाकतो. काल ओठ वर करून पाहिलं, हिरड्या धुतलेल्या फडक्यासारख्या पांढऱ्या. आणि लघवी काळ्या चहासारखी.

तू पहिल्या पत्रात हिरड्यांचं लिहिलं होतंस, म्हणून जीव घाबरला. पण कांदा तर त्याला मी दाखवलासुद्धा नाही. मग हे काय असेल? भूक लागावी म्हणून कालपासून सूप थोडं जास्त देते. लवकर लिही.

आत्या


८ मार्च

आत्या,

हे पत्र मिळेल त्या क्षणी हवालदाराला जनावरांच्या डॉक्टरकडे ने. चालवत नेऊ नकोस, उचलून ने. घरी उलटी करवू नकोस, आता त्याचा उपयोग नाही. खानावळीतलं काहीही त्याला द्यायचं नाही, सूप नाही, पाव नाही, कोणाच्या ताटातलं नाही. साधा भात आणि नुसत्या पाण्यात उकडलेलं मांस. त्यात काही घालायचं नाही. डॉक्टर विचारतील, काय खाल्लं, किती, किती दिवस. ते खरं सांग.

खरं सांग म्हणते, कारण मला तू खरं लिहिलं नाहीस.

तुझं पत्र मी मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, घरात कांदा आहे का. हवालदार केवढा आहे ते मला माहीत आहे. तेवढ्या अंगाच्या कुत्र्याला एखाददुसऱ्या फोडीनं असं होत नाही. मी दोनदा हिशेब केला. त्याच्या पोटात पुष्कळ कांदा गेला आहे, एकदम तरी नाहीतर रोज थोडा थोडा तरी. तो आपोआप वाडग्यात आला नाही. तू दिलास. तुला दया आली असेल, म्हातारा झालाय, खाऊ दे म्हणून. आणि मला लिहिलंस, दाखवलासुद्धा नाही. तू खोटं लिहिलंस, आत्या. माया म्हणजे खायला घालणं, तुला एवढंच कळतं. मी इतकी वर्षं शिकले, आणि माझ्याच घरात माझी एक गोष्ट ऐकली जात नाही. इथे मला मान खाली घालावी लागली.

रागावून लिहिते आहे, पण आधी त्याला डॉक्टरकडे ने.

भुंगी


२० मार्च

चि. भुंगीस शिंपीकाकाचा आशीर्वाद.

हे पत्र अक्कांनी सांगितलेलं नाही. मी माझ्या दुकानात, मशीनवर कागद ठेवून लिहितोय. तुझ्या पत्राला उत्तर गेलं नाही, कारण अक्का माझ्याशी कामापुरतंच बोलतात. चूक माझी आहे. ती आधी ऐक.

तुला ठाऊक नसेल, तुझी पत्रं मी अक्कांना एकट्यांना वाचून दाखवत नाही. तू शिकायला गेलीस तेव्हापासूनची रीत आहे. पत्र आलं की अक्का ते डब्यांच्या फळीवर उभं करून ठेवतात, आणि दुपारी सगळी बाकं भरली की म्हणतात, "काका, वाचा. मोठ्यानं." घरात कोणी कधी पत्र लिहिलेलं नाही, म्हणून ती हौस. लोक चमचे खाली ठेवून ऐकतात. तुझी डॉक्टरी त्यांना कळत नाही, अक्कांनाही कळत नाही. पण माना सगळे हलवतात.

तुझं आठ तारखेचं पत्रही तसंच वाचलं. मी आधी डोळ्यांखालून घालायला हवं होतं. औषधपाण्याचं संपलं आणि पुढची ओळ दिसली. मी थांबलो. अक्का म्हणाल्या, "वाचा ना. अजून काही उपाय लिहिला असेल पोरीनं." मग मी वाचलं. खोटं लिहिलंस, हे वाचलं. एवढंच कळतं, हेही वाचलं. अक्कांच्या हातात पळी होती, ती तशीच. वेल्डर खाली बघत होता. शेवटी अक्का म्हणाल्या, "दिला असेल मीच. माझं कुठे लक्ष असतं." आणि पळी पातेल्यात घातली.

त्याच दुपारी हवालदाराला माझ्या कापडाच्या गाडीवर निजवून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता. अक्का म्हणाल्या, "कांदा दिला. माझी चूक." मी न राहवून बोललो. म्हटलं, नाही हो, या तर सूप चाळणीतून गाळून फोडी वेचून देतात. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "गाळून काय होतंय? कांद्यातलं जे उतरायचं ते सुपातच उतरतं. फोडी काढल्या आणि विष वाडग्यात ठेवलं. असं रोज थोडं थोडं साठत गेलं. गाळायला सांगितलं कोणी?"

अक्का म्हणाल्या, "कोणी नाही. माझीच अक्कल."

हवालदार आहे. सलाईन लावलं होतं. खानावळीतलं सगळं एकदम बंद केलं ते वेळेवर झालं, असं डॉक्टर म्हणाले. नवं रक्त तयार व्हायला वेळ लागतो. तोवर काही सांगता येत नाही. अक्का त्याच्याजवळ पोत्यावर बसून असतात.

यातलं एक अक्षर पोरीला लिहायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. म्हणून लिहितोय.

तुझा शिंपीकाका


२५ मार्च

आत्या,

तुझं पंधरा फेब्रुवारीचं पत्र मी गादीखालून काढलं आणि पुन्हा वाचलं. त्यात सगळं आहे. सूप चाळणीतून गाळते, आहे. फोडी बोटानं काढते, आहे. बरोबर करतेय ना, असं तू विचारलंस. चुकत असेल तर सांग, असंही म्हणालीस. आणि मी डबा खाता खाता लिहिलं, असंच चालू ठेव.

सुपात उतरतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात होतं. कांद्याची पूड, वाळलेला कांदा, शिजवलेलं पाणी, सगळं होतं, आणि मी परीक्षेत ते लिहिलंही होतं. तुला मात्र फोड म्हणाले. मला फोडच दिसली. तू दुसऱ्या कोणाची आत्या असतीस आणि कुत्रं घेऊन दवाखान्यात आली असतीस, तर मी विचारलं असतं, रोज काय खातो, कशात शिजतं, वाडग्यात काय काय असतं. तुला विचारलं नाही. मला माहीतच आहे असं वाटलं. आणि आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते. त्या पातेल्याचा मला विचारच करायचा नव्हता. त्याचा वास हातांवरून गेला म्हणून मी तुला आनंदानं कळवलं होतं.

अजून एक आहे, ते काकांनाही ठाऊक नाही. मोठ्या बाईंनी विचारलं होतं, "घरचे कुत्र्याला कांदा देतात का?" तेव्हा खोलीत सगळे होते. मी म्हणाले, "आमच्या घरचे शिकलेले नाहीत, सांगून ऐकत नाहीत." तुझ्याबद्दल म्हणाले. कोट घालून म्हणाले.

काल मी त्यांच्याकडे गेले आणि झालं ते सांगितलं. त्या नेहमीसारख्या बघत राहिल्या. मग विचारलं, "त्यांनी पद्धत कळवली होती?" म्हटलं, हो. "तू वाचलीस?" म्हटलं, वाचली, पण पत्र म्हणून वाचली. रुग्णाची हकिगत म्हणून नाही. त्या म्हणाल्या, "उद्या सगळ्यांसमोर सांग. म्हणजे गाळून दिलं होतं का, हेही विचारायला बाकीचे शिकतील." आज सांगितलं.

आत्या, ज्या बाकांपुढे ते पत्र वाचलं त्याच बाकांपुढे हे वाचायला सांग. दुपारी, सगळे असताना, मोठ्यानं. आणि हवालदार कसा आहे ते कळव. वाईट असलं तरी कळव.

भुंगी


२ एप्रिल

भुंगे,

हवालदार जगला. काल भात चाटून पुसून खाल्ला आणि अजून आहे का म्हणून माझ्याकडे पाहिलं. हिरड्यांवर लाली आलीय. डॉक्टर म्हणाले, संकट टळलं, पण धावाधाव नको. म्हटलं, हा आयुष्यात धावलेला नाही, सगळं काम बसूनच केलंय.

तुझं पत्र काकांनी मला एकटीला वाचून दाखवलं. मंडळींना वाचू दिलं नाही, आणि देणार नाही. वेल्डर परवा विचारत होता, बहिणीच्या कुत्रीला पिल्लं झालीत, डॉक्टरीणबाईंना विचारून सांगाल का. गॅरेजवाल्याचं मांजर लंगडतं, त्यालाही तुलाच विचारायचंय. ही माणसं कोणाचं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. त्यांचा तुझ्यावरचा विश्वास उडाला तर पुन्हा बसायचा नाही. माझ्यावरचा उडाला तर काय मोठं? भूक लागली की येतीलच.

त्यांना मी सांगितलंय की कांदा मीच दिला होता. बाकीचे जेवून उठले. वेल्डर तेवढा पाणी प्यायला की पेला उचलून उजेडात धरतो आणि म्हणतो, "अक्का, गाळलंय ना?" म्हणू दे. तू आता मनातून काढ.

आत्या


७ एप्रिल

खानावळीतल्या सर्व मंडळींना नमस्कार.

हे पत्र मी शिंपीकाकांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. काका, दुपारी बाकं भरली की वाचा. आत्या थांबा म्हणेल. थांबू नका.

मंडळी, माझं आठ मार्चचं पत्र तुम्ही ऐकलंत. त्यात आत्या खोटं बोलली असं मी लिहिलं होतं. ती खोटं बोलली नव्हती. मी तिला सांगितलं, कांद्याची फोड देऊ नकोस. तिनं एकही दिली नाही. सूप देऊ नकोस हे मी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. तिनं मला पत्रात विचारलं, गाळून देते ते बरोबर आहे का. मी बरोबर आहे म्हणाले. हवालदाराला विष माझ्या सल्ल्यानं गेलं. त्यानंतर तिनं तुम्हाला सांगितलं की कांदा मीच दिला, ते तेवढं खोटं आहे. तिच्या आयुष्यातलं मला माहीत असलेलं पहिलंच.

वेल्डरदादा, पेला उजेडात धरायचा असेल तर माझ्या नावानं धरा.

आता कामाचं. तुमच्या कुत्र्यानं कांदा खाल्ला तर फोडी मोजू नका. भाजी, सूप, रस्सा, तळणीचं उरलेलं, बाजारातली मसाल्याची पूड, कांद्याचं पाणी ज्यात ज्यात गेलं ते सगळं धरा. लसूणही धरा. कुत्रं केवढं आहे, किती खाल्लं, कधी, आणि रोज खातं का, हे डॉक्टरना सांगा. आज बरं दिसतंय म्हणून घरी बसू नका, त्रास काही दिवसांनी दिसतो. नुकतंच खाल्लं असेल तर लगेच न्या, तेव्हा पोटातून काढता येतं. आणि मला विचारलंत तर आधी मीच तुम्हाला पुष्कळ विचारीन. कंटाळू नका. मी न विचारता उत्तर दिलं, त्याचं काय झालं ते चुलीमागे पडलेलं तुम्ही पाहिलं आहे.

आत्याची भाची


१६ एप्रिल

भुंगे,

वाचलं. मी थांबा म्हटलं, काका थांबले नाहीत. मी पळी आपटली, तरी नाहीत. वाचून झालं. मग वेल्डरनं आपला पेला पालथा घातला आणि म्हणाला, "अक्का, तुम्ही आम्हाला फसवलंत." म्हटलं, "हो. आता जेव." पुढे त्यानं विचारलं, बहिणीच्या घरी कुत्रीला रोज उरलेली भाजी घालतात, त्यातही कांदा असतोच, ते चालतं का. मग गॅरेजवाल्यानं विचारलं, मांजराचं काय. माझं म्हणणं चुकलं. ते विचारायचे थांबले नाहीत. उलट आता कोणी मान हलवत नाही, जो तो मध्येच विचारतो. काकांच्या पुढच्या पत्रात सगळ्यांचे प्रश्न येतील.

मलाही एक सांगायचंय. तुझ्या पत्रातलं सगळं मला पहिल्यांदाच कळलं. इतकी वर्षं मीही नुसती मान हलवत होते. मला आधीच सरळ विचारता आलं असतं, सूपसुद्धा का ग? विचारलं नाही, तुला वाटेल, एवढंही कळत नाही हिला.

त्या मोठ्या बाईंपुढे तू आमच्याबद्दल काय म्हणालीस, ते तू लिहिलं नसतंस तर मला कधी कळलं नसतं. आता कळलंय. रात्री अंग टाकलं की आठवतं. खोटं कशाला सांगू, लागलंय. जाईल हळूहळू. कागदावरून जायचं नाही ते, म्हणून मला आता पत्र लिहू नकोस. सुट्टी मिळाली की ये.

हवालदार पुन्हा दारात बसायला लागलाय. कोट घालून ये नाहीतर न घालता ये. पण तुझ्या हातांचा वास गेला म्हणाली होतीस, तेव्हा तो तुला लगेच ओळखायचा नाही. घाई करून आत शिरू नकोस. दारातच थांब, हात पुढे कर, आणि त्याला हवं तेवढं हुंगू दे.

आत्या